सात फूट उसनी जमीन

हाँगकाँगच्या मा वान बेटावर, जुन्या गावाच्या अंगाला, कोरीव अक्षरांचे दगड आहेत. एका ठिकाणी तीनच चिनी अक्षरं दिसतात: कौलून क्वान, म्हणजे कौलूनचं जकातखातं. पुढे आणखी एक ओळ. कौलून जकातखात्याने सात इंग्रजी फूट जमीन उसनी घेतली आहे! जकातीच्या कचेरीकडे जायला पायवाट हवी होती, ती गावकऱ्यांच्या जागेतून काढली, त्याची ही पावती. साल १८९७. फूट 'इंग्रजी' असं मुद्दाम लिहावं लागलं, कारण चिनी फूट त्याहून चांगला दोन इंच लांब. जमिनीच्या व्यवहारात दोन इंच सोडायला कुठलाच गावकरी तयार होत नाही, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

पण चीनच्या बादशहाच्या सरकारी खात्याला सात फुटांसाठी गावापुढे हात का पसरावा लागला, आणि फूट तरी परका का, हे समजायचं तर बेटाशेजारचं पाणी बघावं. लांताव आणि मा वान यांच्यामधल्या या चिंचोळ्या खाडीचं नाव काप शुई मुन, वेगवान पाण्याचा दरवाजा. भरती-ओहोटीला इथला प्रवाह नावाला जागतो. हाँगकाँगहून कँटनच्या नदीकडे निघालेल्या शिडाच्या गलबतांची ही सरळ वाट. नाका बसवायला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती.

हाँगकाँग १८४२ च्या तहाने इंग्रजांकडे गेलं ते खुलं बंदर म्हणून. येणाऱ्या मालावर जकात नाही. मुंबई-कलकत्त्याहून आलेली अफू इथे बिनबोभाट उतरायची आणि चिनी गलबतांतून समोरच्या किनाऱ्यावर जायची. १८५८ साली चीनने नाइलाजाने अफूची आयात कायदेशीर केली आणि तिच्यावर जकात बसवली. पण गलबतं रात्रीच्या अंधारात एखाद्या आडखाडीत शिरली, तर जकात मागणार कोण? शेवटी १८६८ मध्ये कँटनच्या व्हाइसरॉयने बंदराच्या तोंडाशीच, पण चिनी हद्दीत, अफूवरच्या 'लिकीन' करासाठी चौक्या बसवल्या. मा वानची चौकी त्यांतलीच. चेउंग चाऊ, फात ताऊ चाऊ आणि कौलून शहर इथेही नाके होते. जकातीच्या बोटी येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांना अडवून झडती घेऊ लागल्या.

हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांनी एकच गिल्ला केला. त्यांनी या प्रकाराला नाव दिलं 'नाकेबंदी', आणि ते इतकं चिकटलं की इतिहासाच्या पुस्तकांतही तेच आहे. गव्हर्नर मॅक्डॉनेल त्यांच्याच बाजूचे. पण कँटनमधले इंग्रज कॉन्सल रॉबर्टसन यांना यात वावगं काही दिसेना: चीन स्वतःच्या हद्दीत स्वतःची जकात घेतो, त्यात बिघडलं काय? एकाच राणीचे दोन चाकर परस्परांविरुद्ध कागद रंगवत होते. मला विचाराल तर रॉबर्टसनचं म्हणणं रास्त होतं.

तसं म्हणायला आपल्याकडचाही एक पुरावा आहे. ज्या अफूसाठी हा गळा काढला जात होता, तिच्यातली बरीचशी माळव्यातली, म्हणजे होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिकलेली. ती मुंबईच्या बंदरात आणायची तर आधी इंग्रजांचा परवाना घ्यावा लागे. १८३१ च्या सुमारास पेटीमागे १७५ रुपये, आणि १८६० नंतर ६०० च्या घरात! हा परवाना चुकवायला पूर्वी व्यापारी पोर्तुगीजांच्या दमणची वाट धरत. १८४३ साली सिंध घेतल्यावर कराचीची वाटही इंग्रजांच्या हातात आली आणि परवाना झपाट्याने महागला. परक्या संस्थानातल्या पिकावर वाटेत उभं राहून कर घेण्यात ज्यांना काही खटकलं नाही, त्यांनाच काप शुई मुनची चौकी मात्र अन्याय वाटली.

तोडगा निघायला अठरा वर्षं लागली. सप्टेंबर १८८६ च्या करारात ठरलं की आयातजकात ३० टेल आणि लिकीन ८० टेल, असे पिकलला, म्हणजे सुमारे साठ किलोंना, ११० टेल चांदी एकदमच भरायची. हाँगकाँग सरकारने बंदरातल्या अफूच्या हालचालीवर नजर ठेवायची. आणि जकात भरल्याचे दाखले चीनने कौलूनच्या बाजूला, पण चिनी जमिनीवरच्या कचेरीतून द्यायचे. एप्रिल १८८७ मध्ये हे 'कौलून क्वान' सुरू झालं आणि जुने नाके त्याच्या ताब्यात गेले. खातं बादशहाचं, पण त्याचे सर्वोच्च अधिकारी होते सर रॉबर्ट हार्ट, उत्तर आयर्लंडचे गृहस्थ, आणि वरच्या जागांवर बहुतेक युरोपीय. दगडावरचा फूट इंग्रजी निघाला तो असा.

दगड कोरून वर्षही झालं नसेल, तोच जून १८९८ मध्ये इंग्रजांनी ९९ वर्षांच्या पट्ट्याने आसपासचा मुलूख आणि बेटं घेतली. नाके जागचे हलले नाहीत, त्यांच्या पायाखालून हद्दच पुढे सरकली. काल चिनी जमिनीवर उभा असलेला जकातीचा शिपाई आज इंग्रजांच्या मुलखात उभा! पट्ट्याच्या करारात या नाक्यांबद्दल चकार शब्द नव्हता. चोरटा व्यापार रोखायला मदत करू, एवढं आश्वासन इंग्रज वकिलाने पेकिंगला दिलं. हार्टना वाटत होतं की सामोपचाराने चिनी जकात हाँगकाँगच्या हद्दीतही घेता येईल. व्यापाऱ्यांना ती कल्पनाच नको होती, आणि नवे गव्हर्नर ब्लेक यांनाही आपल्या मुलखात दुसऱ्या सरकारचे वसुलीदार नको होते.

यातली गंमत पुढेच आहे. जपानशी झालेल्या युद्धानंतर चीनने काढलेल्या परदेशी कर्जांना तारण होतं ते याच जकातीचं. म्हणजे बुडालेल्या प्रत्येक टेलाबरोबर लंडनच्या रोखेधारकांचं तारणही तेवढं हलकं व्हायचं. हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही. ऑक्टोबर १८९९ मध्ये चिनी नाके उठले आणि नव्या हद्दीबाहेर गेले. त्यांतला एक गेला लिनटिन बेटावर, जिथे पहिल्या अफूयुद्धाआधी चोरट्या अफूची जहाजं नांगर टाकून असत.

आज मा वानला जायचं तर हाँगकाँगच्या सेंट्रल धक्क्यावरून बोट घ्यावी. अर्ध्या तासाच्या आत बेट येतं. डोक्यावरून १९९७ चा त्सिंग मा पूल जातो आणि विमानतळाच्या गाड्या घरघरत राहतात. बेटावर खासगी मोटारींना बंदी आहे, त्यामुळे पायी हिंडायला मजा येते. एका बाजूला उंच इमारतींची वसाहत, दुसऱ्या बाजूला कोळ्यांचं जुनं गाव. जवळ्याच्या खारवलेल्या चटणीसाठी ते प्रसिद्ध होतं. गावकऱ्यांना नव्या घरांत हलवल्यावर ते बरीच वर्षं ओस होतं. आता घरं रंगवून तिथे पर्यटनस्थळ केलंय. त्याचं नाव 'मा वान १८६८'. रंगीत भिंतींपुढे फोटो काढणाऱ्यांतल्या फार थोड्यांना तो आकडा जकातनाक्याचा आहे हे ठाऊक असेल.

सवड असेल त्याने फात ताऊ चाऊही बघावं. तिथल्या नाक्याचे अवशेष १९८३ पासून संरक्षित स्मारक आहेत. मात्र ते आता बेट राहिलेलं नाही. भराव घालून ते किनाऱ्याला जोडलं गेलंय आणि शेजारी कारखान्यांची वसाहत उभी आहे. पायाचे दगड झुडपांत आहेत, तेव्हा पायात बूट असू द्यावेत.