प्रोसेसर आणि हीटसिंकमधली फट

प्रोसेसरचा माथा आणि त्यावर बसणारी हीटसिंकची तांब्याची पट्टी हाताला गुळगुळीत लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्ही खडबडीत दिसतात. ती एकमेकांना मोजक्याच ठिकाणी टेकतात आणि उरलेल्या फटींत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, तर हवेची अवघी ०.०२६. ही हवा हुसकावून लावणे एवढेच थर्मल पेस्टचे काम. सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइडसारखी बारीक पूड कालवून केलेल्या या पेस्टची वाहकता साधारण १ ते १० असते. हवेपेक्षा ती कितीतरी सरस, पण तांब्यापुढे अगदीच तोकडी. म्हणून थर पातळच हवा. दीड चौरस सेंटिमीटरचा प्रोसेसर ३० वॅट उष्णता टाकत असेल, तर वाहकता ४ असलेल्या पेस्टच्या ०.०५ मिलिमीटर थरात अडीच अंशांचा फरक पडतो, थर ०.२ मिलिमीटर झाला की १० अंशांचा.

वर्षानुवर्षे तापून-निवून तेल कडेला सरकते, पूड कोरडी पडते आणि फटीत पुन्हा हवा शिरते. कडक उन्हाळा अशा लॅपटॉपला सोसत नाही: खोली २५ ऐवजी ३८ अंशांवर असली, की तेवढ्याच कामाला प्रोसेसरही जवळपास १३ अंशांनी जास्त तापतो. शंभरीच्या आसपास पोहोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि धडधाकट यंत्र ‘जुने झाले’ म्हणून मोडीत निघते. हे टाळता येण्यासारखे आहे.

आधी बॅटरीची जोडणी काढून फॅन आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये साचलेला धुळीचा थर काढावा. पुष्कळदा खरा दोष तिथेच असतो. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट क्रम, आवळताना सुलट, तोही थोडा-थोडा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, धातूच्या पात्याने खरवडू नये. लॅपटॉपमध्ये सिलिकॉनची चकती बहुधा उघडीच असते आणि तिचा कोपरा सहज उडतो. नवी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी पुरते. शेजारच्या चिपांवरच्या मऊ पॅडच्या जागी मात्र पेस्ट चालत नाही, कारण तिथली फट बरीच मोठी असते. गॅलियमयुक्त द्रवधातू ॲल्युमिनियमला खातो, तोही टाळावा.

शेवटी भार देऊन तापमान पाहावे. एकाच कोअरचा आकडा इतरांपेक्षा फार वर गेला, तर बहुधा एखादा कोपरा कोरडा राहिलेला असतो; हीटसिंक काढून, सगळी पेस्ट पुसून ती नव्याने लावावी लागते.