न्यूझीलंडचे वार्तापत्र : तिसरे पान

हॅमिल्टन, ऑक्टोबर.

तुमच्याकडे आश्विनाच्या उन्हात सोयाबीनच्या शेंगा तडकत असतील, त्याच सुमारास येथे वसंत भरात आलेला असतो. ज्याच्या घरी मी उतरलो आहे तो शेतकरी पहाटे गुडघाभर रबरी बूट चढवून गायींकडे न जाता आधी गवताकडे जातो, वाकून एक फुटवा हाती घेतो आणि त्याची पाने मोजतो. सकाळी आखरावर ढोरे जमली की गायकी त्यांना जिकडे हाकील तिकडे कुरण, अशा वऱ्हाडातल्या चांदूर रेल्वेसारख्या गावी लहानाचा मोठा झालेल्या मला हा प्रकार प्रथम काहीसा विक्षिप्तच वाटला.

या मोजणीत मात्र येथील सारे गोपालनशास्त्र सामावले आहे. रायग्रास नावाच्या येथील मुख्य गवताच्या फुटव्यावर एका वेळी साधारण तीनच पाने जिवंत राहतात. चौथे उगवले की पहिले वाळू लागते. गुरे चरून गेल्यावर जे पहिले पान फुटते ते बुंध्यात साठविलेल्या साखरेवर फुटते, आणि तेही लगोलग खाल्ले गेले तर बुंध्याची गंगाजळी आटून मुळे खुरटतात. म्हणून दुसरे पान पुरे होईपर्यंत जनावर आत सोडावयाचे नाही, आणि तिसऱ्यानंतर गवत उगाच राखावयाचे नाही, असा येथील शिरस्ता आहे. वसंतात ही फेरी तीन-साडेतीन आठवड्यांची, तर हिवाळ्यात दोन-तीन महिन्यांची असते. गायकी नाही, विजेची एक बारीक तार त्याचे काम बिनबोभाट करते. ही तार प्रचारात आणणारे बिल गॅलाघर याच हॅमिल्टनचे. १९३०च्या दशकात त्यांचा घोडा मोटारीला अंग घाशी, त्यावर त्यांनी मोटारीलाच विजेचा झटका जोडला, अशी कथा येथे हौसेने सांगतात.

आश्चर्य हे, की मनुष्य येण्यापूर्वी ज्या भूमीवर वटवाघळांखेरीज एकही सस्तन प्राणी नव्हता, तिने पुढे गवतावरच संसार मांडला. १८८२ साली ‘डुनेडिन’ जहाज गोठविलेले मांस घेऊन लंडनला निघाले, आणि तेव्हापासून कुरण हाच या देशाचा खजिना ठरला. गवताचे बी युरोपातून आले. सोबतच्या पांढऱ्या क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत उतरवीत आणि ते गवताला फुकट मिळे. अलीकडे युरियाचा हात सैल सुटला आणि नद्यांत नायट्रेट उतरले, ही येथील उघड तक्रार आहे. तेव्हा या देशाचे सारेच अनुकरणीय आहे असे समजण्याचे कारण नाही.

आणि आपले? इंग्रजी अंमलात वऱ्हाडातील जंगलांचे वर्ग पडले तेव्हा ‘ब’ वर्ग हा खास रमण्यांचा, म्हणजे गवत राखण्याचा होता. राखणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. परंतु गावाच्या ई-क्लास जमिनीत, म्हणजे गायरानात, चराईला बारमाही मुभा. मृगाच्या सरीने गवत बोटभर वर आले की ढोरे, शेळ्या, सारी त्यावर तुटून पडतात. मग मारवेलसारखे चांगले गवत जाते, कुसळ येते आणि अखेरीस ज्याला शेळीही तोंड लावीत नाही तो तरोटा दरोबस्त कब्जा घेतो. दोष केवळ जनावरांच्या संख्येचा, हे मला पटत नाही. गवताला उसंत नाही हा खरा दोष. परंतु येथील शेतकरी आपल्या मालकीच्या तुकड्याबद्दल एकटा निर्णय घेतो, आणि आपल्याकडे एकाने संयम केला तर शेजाऱ्याची गाय तो चरून टाकते. तारेने हे सुटावयाचे नाही. ग्रामसभेने गायरानाचे तीन भाग पाडून दरवर्षी आळीपाळीने एक भाग मृगापासून गवताचे बी झडेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, बंद ठेवावा आणि उरलेल्या दोहोंत भूमिहीन शेळीवाल्याचा व धनगराचा हिस्सा आधी ठरवावा, ही तजवीज मला अधिक शक्य कोटीतील वाटते.

एके संध्याकाळी तार पुढच्या तुकड्यात सरकविताना यजमानाने सहज विचारले, “तुमच्या मारवेलला किती पाने आली म्हणजे गुरे आत सोडतात?” मला उत्तर देता आले नाही. चांदूरजवळच्या पोहरा-मालखेडच्या बाजूला तुमच्यापैकी कोणी जाणार असेल, तर कृपया मोजून कळवावे. तो रोज विचारतो आहे.