हातभर नमुन्यापासून स्मारकापर्यंत
स्मारकशिल्पाची सुरुवात हातभर उंचीच्या मातीच्या नमुन्याने होते. पुतळा अश्वारूढ असेल तर घोड्याची चाल, स्वाराची बैठक, अंगाचा तोल हे सारे इथेच ठरते. पुढे चूक सुधारणे फार महाग पडते. मग मापे वाढवून लोखंडी सांगाड्यावर पूर्णाकृती माती चढवतात. खालून पाहताना डोके लहान दिसते, म्हणून ते किंचित मोठे ठेवावे लागते. या पूर्णाकृतीवरून प्लास्टरचा साचा आणि शेवटी ब्राँझचे ओतकाम. मोठे पुतळे सहसा तुकड्यांत ओतून जोडतात. पुण्यातला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचा अश्वारूढ शिवपुतळा (१९२८) मात्र मुंबईत माझगावला एकसंध ओतला गेला. मराठी शिल्पकलेतले हे विलक्षण धाडस होते. शिल्पकार राम सुतारांनी घडवलेल्या सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्यासाठीही आधी लहान नमुनेच घडले. ते वाढवायला संगणकाची मदत झाली.