जसा तवा, तसे उलथने

घरात नवा कुकर घ्यायचा असला की चार दुकाने हिंडतात, शेजारणीला विचारतात, भाव करतात. उलथने मात्र कोणी असे पारखून घेतल्याचे ऐकिवात नाही. भांड्यांच्या दुकानात हाताला लागेल ते उचलायचे, नाहीतर रुखवतात आलेले वर्षानुवर्षे चालवायचे. दिवसातून दोन वेळा तापल्या तव्यावर, गरम तेलात आणि आंबट भाजीत फिरणारी ही वस्तू. घरातल्या बहुतेक घासांना तिचा स्पर्श झालेला असतो. म्हणून आज थोडे तिच्याविषयी.

पुण्याकडे हिला कालथा म्हणतात, वऱ्हाडात सराटा, आपल्याकडे उलथने. धर्माबादसारख्या सीमेवरच्या गावात ज्या घरांत तेलुगू बोलली जाते तिथे तिचे नाव अट्लकाडा. अट्टू म्हणजे धिरडे, ते उलटवायची ही दांडी. नावे वेगळी, कामे तीच. धपाटे किंवा पोळी उलटवणे, कढईत सुशीला नाहीतर पोहे परतणे, आणि बुडाला लागलेली खरवड काढणे. आता गंमत अशी की या तिन्ही कामांना एकच उलथने नीट पुरत नाही. धपाट्याखाली सरकायला पातळ आणि रुंद पाते लागते, खरवडीला कडक धार लागते. त्यातच तवा लोखंडी आहे की नॉनस्टिक, यावरही पुष्कळ अवलंबून असते. तवा बदलला आणि उलथने तेच राहिले, की तक्रारी सुरू होतात.

आपल्या भागात अजून बहुतेक घरी भाकरीचा तवा लोखंडीच आहे, आणि ते चांगलेच आहे. त्याला जोड लोखंडी उलथन्याची. आठवडी बाजारात किंवा माळेगावच्या खंडोबासारख्या मोठ्या यात्रेत घिसाडी मंडळींकडे घडवलेले काळे उलथने मिळते. ठोकून केलेले असल्याने त्याचे पाते कडेला पातळ आणि दांडीजवळ जाड असते, त्यामुळे ते वाकत नाही. दुकानातल्या चकचकीत वस्तूपुढे ते गावठी दिसते खरे, पण धपाटे न मोडता उचलायचे तर त्याच्यासारखे दुसरे नाही. घेताना एवढेच पाहावे की त्यावर रंग नाही आणि ते जस्ताच्या पत्र्याचे, म्हणजे पांढरट चांदीसारख्या मुलाम्याचे नाही. जस्त आंबट पदार्थात विरघळते आणि पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. नवे उलथने घरी आणल्यावर राख किंवा साबणाने घासावे, आचेवर कोरडे करावे आणि गोडेतेलाचा हात फिरवून पुन्हा थोडे तापवावे. असे दोन-चार वेळा केले की ते काळेभोर होते आणि गंजत नाही.

लोखंडाचा विषय निघाला की रक्तवाढीचा विषय निघतोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोखंडी भांड्यात शिजवण्याचा उपयोग होतो हे खरेच आहे. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत इथिओपियातल्या लहान मुलांवरचा एक अभ्यास आला होता. ज्या घरी लोखंडी भांड्यात अन्न शिजत होते त्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवणाऱ्या घरांतल्या मुलांपेक्षा जास्त वाढले. पण लक्षात घ्यावे, ती करामत भांड्याची, उलथन्याची नव्हे. अन्न जितका वेळ लोखंडाला लागून शिजते आणि जितके आंबट-ओले असते, तितके लोह त्यात उतरते. उलथने मिनिटभर फिरते आणि बाहेर येते. तेव्हा लोखंडी उलथने घेतले म्हणून सुनेच्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. गरोदरपणात तर मुळीच नाही. आशाताई किंवा दवाखाना गोळ्या देतो त्या पूर्ण घ्याव्यात, आणि गोळीनंतर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही.

अंबाडीच्या भाजीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे आणि पलीकडे तेलंगणातही ही भाजी आवडीची, आणि चवीला चांगलीच आंबट. लोखंडी कढईत ती शिजवली तर काळपट होते. ते विष नव्हे, लोहच आहे. मात्र शिजल्यावर ती तशीच कढईत रात्रभर ठेवू नये आणि उलथनेही त्यात खोचून ठेवू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. चटणी, सांबारासारखे आंबट पदार्थ लोखंड, ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईच्या पितळ-तांब्यात साठवू नयेत, असे त्यात म्हटले आहे. आपण ज्याला जर्मनची भांडी म्हणतो ती ॲल्युमिनियमचीच. त्या धातूचे उलथने तर घेऊच नये. मऊ असल्याने ते घासते आणि झिजलेला धातू काळा होऊन अन्नात उतरतो.

गंजाबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. गंजलेल्या उलथन्याने केलेले खाल्ले की धनुर्वात होतो, असे काही जण सांगतात. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात आणि ते जखमेतून शरीरात शिरतात, पोटातून नव्हे. गंज लागला तर चिंच लावून घासावा, आचेवर वाळवून तेल लावावे, काम झाले. गंजक्या पात्याने हात कापला तर मात्र जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दवाखान्यात विचारावे.

ज्यांना हा तेल-राखेचा व्याप नको, त्यांनी स्टीलचे घ्यावे. बरेच लोक दुकानात लोहचुंबक घेऊन जातात. चिकटला नाही की माल अस्सल! ही परीक्षा अर्धवट आहे. चांगल्या ३०४ जातीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, आणि त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. पण कमी निकेलच्या स्वस्त २०२ जातीच्या स्टीललाही तो सहसा चिकटत नाही. म्हणून चुंबकापेक्षा वस्तूवर ३०४ असा छाप आहे का, जोड कसा आहे आणि पात्याच्या कडा हाताला टोचतात का, हे पाहावे. दांडी पोकळ असेल तर तिचे टोक बंद असावे. उघड्या नळीत खरकटे पाणी साचते आणि चार दिवसांनी त्याचा वास येतो.

नॉनस्टिक तवा आणला की स्टील आणि लोखंड दोन्ही बाजूला ठेवावे लागते. धातूच्या धारेने त्यावरचा थर खरवडला जातो. तो कण पोटात गेला तर बहुधा तसाच बाहेर पडतो, खरी भीती आचेची आहे. पोषण संस्थेच्या त्याच पुस्तिकेत नॉनस्टिक भांडी १७० अंश सेल्सिअसच्या वर तापवू नयेत असा इशारा आहे; रिकामे भांडे आचेवर राहिले तर थरातून अपायकारक वाफा निघतात. भाकरीचा तवा तर २०० अंशांच्या पुढे सहज जातो. तेव्हा नॉनस्टिकवर भाकरी करूच नये. डोसा, धिरडे मंद आचेवर करावे, आणि थर पोपडे धरू लागला की तवा टाकून द्यावा, त्याची किंमत कितीही असो.

या तव्याबरोबर काळ्या प्लास्टिकचे उलथने पुष्कळदा फुकट येते. फुकटचे म्हणून ते वापरू नये. ते बहुधा नायलॉनचे असते. एका जातीचे नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळते, आणि त्याआधीच मऊ होऊन त्याची कड वेडीवाकडी होते. ती झिजलेली कड कुठे गेली, हे सांगायला नको. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने अशी साधने ७० अंशांवरील अन्नात शक्य तितका कमी वेळ ठेवावीत असे सांगितले आहे, आणि आपल्या उकळत्या वरणाचे तापमान १०० च्या घरात असते. काळ्या प्लास्टिकमधल्या रसायनांबद्दल २०२४ साली परदेशात मोठी घबराट झाली होती. त्या अभ्यासातल्या सुरक्षित मर्यादेच्या हिशेबात दहापट चूक निघाली आणि ती नंतर दुरुस्त झाली. म्हणून घाबरून जायचे कारण नाही, पण तापल्या तव्यावर प्लास्टिक ठेवायचेही कारण नाही. नॉनस्टिकला सिलिकॉनचे चालते, आणि त्याहून सोपे म्हणजे लाकडी.

लाकडी चाटू किंवा उलथने घट्ट रेषांच्या लाकडाचे असावे. साग, शिसव, बाभूळ चांगले. वर चकाकणारे रोगण नको. मात्र लाकूड वास धरते. धर्माबाद हे मिरचीच्या बाजारपेठेचे गाव, आपल्या हाताला तिखट सढळ. ज्या चाटूने रस्सा ढवळला त्यानेच बाळाची खीर ढवळली तर बाळ तोंड वेडेवाकडे करणारच. दुधाचा चाटू वेगळा ठेवावा. लाकूड पाण्यात भिजत घालू नये. धुऊन उभे करून उन्हात वाळवावे. भेग पडली, बुळबुळीत लागू लागले किंवा काळी बुरशी दिसली की त्याची जागा चुलीत.

दांडीबद्दल मात्र तडजोड नको. हात आचेपासून दूर राहील इतकी ती लांब असावी, पण तव्याच्या कडेवरून घसरून उलथने खाली पडेल इतकी जड नसावी. कढईतून बाहेर आलेली दांडी चुलीच्या बाहेरच्या बाजूला कधीच ठेवू नये. रांगते मूल आधी तिलाच हात घालते. भाजलेच तर ताबडतोब वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. बांगड्या, अंगठी सूज येण्याआधी काढावी. फोड फोडू नयेत. भाग तळहाताएवढा असेल, किंवा चेहरा, हात वा लहान मूल भाजले असेल तर पाण्याखाली धरून झाल्यावर स्वच्छ कोरड्या कापडाने झाकून सरळ दवाखाना गाठावा.