तांबड्या पाण्याचा माग

एडिंबरोहून निघालो तेव्हाच पाऊस लागला होता. पण हाताशी तो एकच दिवस होता, म्हणून स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याने आम्ही तशीच गाडी काढली. डावीकडे समुद्र, दिसत होते फक्त धुके. डनबार मागे पडले आणि नांगरलेल्या शेतांतून तांबडे पाणी रस्त्यावर येऊ लागले. ‘अशा पावसात सिकार पॉइंटला जाऊन दिसणार काय?’ अशी कुरकुर गाडीत सुरू झाली. खरे तर जे पाहायला आम्ही निघालो होतो, त्याची सुरुवात या पाण्यातच होती.

याच परगण्यात अठराव्या शतकात जेम्स हटन (१७२६–१७९७) शेती करत असे. पावसात माती वाहून जाते, हे प्रत्येक शेतकरी पाहतो. हटनने पुढचा प्रश्न विचारला : मग जमीन झिजून संपली कशी नाही? त्याचे उत्तर असे : वाहून गेलेला गाळ समुद्रतळाशी साचतो, त्याचा खडक बनतो, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेमुळे तो वर उचलला जातो आणि पुन्हा झिजू लागतो. १७८५ साली त्याने हा विचार मांडला. पण यासाठी प्रचंड काळ हवा, आणि पृथ्वी फक्त सहा हजार वर्षांची आहे असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. पुरावा कुठून आणायचा? १७८८ साली जॉन प्लेफेअर आणि सर जेम्स हॉल यांच्यासह होडीतून किनाऱ्याचे खडक पाहत जाताना तो त्याला सिकार पॉइंटला सापडला.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस ओसरला होता. खाली उतरणारा गवताळ उतार मात्र इतका निसरडा झाला होता की आम्ही वरूनच पाहायचे ठरवले. भिजल्यामुळे खडकांचे रंग उठून दिसत होते. खाली करड्या खडकाचे थर, कपाटातल्या पुस्तकांसारखे उभे. त्यांच्या माथ्यावर तांबड्या वालुकाश्माचे जरासे कललेले थर.

गाळ साचतो तो साधारण आडवा. म्हणजे करडे थर आधी समुद्रात आडवे साचले, त्यांचा खडक झाला, मग ते दाबले जाऊन उभे झाले, वर आले आणि झिजले. त्या झिजलेल्या माथ्यावर नद्यांनी तांबडी वाळू आणून टाकली. तांबड्या खडकाच्या तळाशी करड्या खडकाचे तुकडे अडकलेले आहेत. करडा खडक आधीचा, याची ही साक्षच. आज आपल्याला माहीत आहे की करडा खडक सुमारे ४३.५ कोटी वर्षांचा आहे, तर तांबडा सुमारे ३७ कोटी. दोघांमधल्या एका रेषेत साडेसहा कोटी वर्षे दडलेली! हटनजवळ हे आकडे नव्हते. काळ अफाट असला पाहिजे, एवढे मात्र त्याने ओळखले.

परतताना तेच तांबडे पाणी दिसले. एकदा खडक झालेली वाळू पुन्हा समुद्राकडे निघाली होती.

पुढच्या पावसाळ्यात वर्गात हे करून पाहा. काचेच्या पसरट भांड्यात गढूळ पाणी ठेवा. गाळ बसला की पाणी काढून तो वाळू द्या. भांड्याची एक बाजू विटेवर टेकवून वेगळ्या रंगाच्या मातीचे पाणी हळूच ओता. नवा थर कसा बसतो ते मुलांना पाहू द्या, आणि मग विचारा : यातला आधीचा थर कोणता, आणि कशावरून?