मालक नसलेली भाषा

मागे रावेरजवळच्या एका शाळेत संगणकाविषयी बोलायला गेलो होतो. बोलणे आटोपले तसे नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, ही पायथॉन भाषा कोणाची? अन् फुकट कशी देतात?" प्रश्न साधा, पण नेमका.

संगणकाला कामे सांगण्याच्या ज्या भाषा आहेत, त्यांतली पायथॉन एक. गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ सालच्या नाताळच्या सुटीत ती आरंभली आणि १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. तिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, अशी मुभा आहे.

मग मालक नाही म्हटल्यावर गोंधळ होत नाही काय? पांझराकाठच्या मंडळींना हे कोडे पडू नये. तिथल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, पाटाच्या दुरुस्तीला सगळ्यांचे हात. पाणी टिकते ते सर्वांनी मानलेल्या शिस्तीमुळे.

पायथॉनचेही तसेच आहे. भाषेत बदल सुचवायचा तर तो लेखी मांडावा लागतो. त्यावर उघड चर्चा होते, आणि नाकारलेले पर्यायही कारणांसह नोंदवले जातात. अर्थात भांडणे होतातच. २०१८ साली एका चिन्हावरून मोठा वाद पेटला. चिन्ह केवढे? विसर्गासारखी दोन टिंबे आणि पुढे बरोबरची खूण! गीडो यांनी तो बदल मंजूर केला. पण त्या वादाने ते इतके थकले, की जुलैमध्ये त्यांनी अखेरचा शब्द देण्याचा आपला अधिकारच सोडला. भाषा मात्र पोरकी झाली नाही. प्रमुख कार्यकर्त्यांनी मतदानाने पाच जणांचे मंडळ नेमायचे ठरवले. २०१९ च्या पहिल्या मंडळात गीडो होते, पण पाचांतले एक म्हणून. नियमही मोठा शहाणपणाचा केला : एकाच कंपनीचे दोनांहून अधिक नोकर मंडळात नकोत. पाटाचे तोंड एकाच्याच शेताकडे वळू नये, म्हणून ही काळजी.

आता आपल्या मुलांचे काय? डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीपासून या भाषेत वस्तूंना देवनागरी नावे देता येतात. केळीचे ३०० घड, दर घडाचे वजन २० किलो. इथे 'घड' आणि 'वजन' असेच लिहून गुणाकार सांगितला, तर संगणक ६००० किलो, म्हणजे ६० क्विंटल, हे उत्तर बिनतक्रार देतो. आकडे मात्र इंग्रजी लिपीत लिहावे लागतात, आणि राखीव इंग्रजी शब्द आहेत अवघे ३५. तेवढे तर आपली पोरे आठवड्यात पाठ करतील! इंग्रजी कच्चे म्हणून संगणक आपला नव्हे, असे मानून मागे बसणारे कितीतरी हुशार विद्यार्थी मी वर्गात पाहतो. त्यांची अडचण बुद्धीची नाही. पहिला पाठ मायबोलीत मिळाला नाही, एवढीच आहे.

हे काम शिक्षकांचे आहे. या भाषेच्या माहितीग्रंथाचे जपानी, फ्रेंच, कोरियन अनुवाद स्वयंसेवकांनीच केले. मराठीसाठी आपलेच हात लागणार. गुरुजींनी एक पान मराठीत समजावून लिहिले, एखादी चूक दिसताच कळवली, तरी त्या कामात त्यांचा वाटा पडला.

त्या मुलाला मी तेव्हा एवढेच म्हणालो, "बाळ, जो पाट साफ करायला उतरतो, त्याची ती भाषा. तू कधी येतोस?"