शिक्षकाने घरी का जावे?

मजूरवस्तीत गुरुजी दारात दिसले की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय केलं आमच्या पोरानं?" शाळेचा माणूस घरी येतो तो तक्रार घेऊन, नाहीतर नोंदणीचा कागद घेऊन, हा तिचा अनुभव आहे. गृहभेटीचे सारे दुखणे या प्रश्नात आहे.

पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी व प्रगती सांगावी, असे कर्तव्य 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकावर टाकले. परंतु बैठक भरते शाळेत. वेचणीच्या दिवसांत अमरावती-अकोल्याकडील खेड्यांतली बाई तिथे येईल कशी? वेचणीची मजुरी किलोवर मिळते. गेलेला तास गेलाच. त्याच दिवसांत थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. हजेरीपटावर ती केवळ 'गैरहजर' असते. घरी गेलेल्या शिक्षकाला पाळणा दिसतो. मेळघाटात घरोघरी कोरकू बोलतात. तिथे ओसरीवर घटकाभर बसले की वर्गात गप्प राहणारे पोर घरात किती बोलते तेही कळते.

ही गोष्ट ताराबाई मोडकांनी नीट ओळखली होती. लग्नानंतर त्या काही वर्षे आपल्या अमरावतीत राहिल्या, म्हणून थोडा अभिमान आपणही बाळगावा. 1945 साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी काम सुरू केले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली.

अमेरिकेत सॅक्रामेंटो शहरी 1998 साली पालकांची संघटना, शिक्षकांची युनियन आणि शाळाखाते यांनी मिळून गृहभेटी सुरू केल्या. नियम साधे : भेट दोघांच्या खुशीची आणि आधी वेळ ठरवून, शिक्षक जोडीने जाणार, केवळ 'वाया गेलेल्या' मुलांकडेच नव्हे तर सर्व तऱ्हेच्या घरी जाणार, आणि या वेळेचा मोबदला मिळणार. पहिल्या भेटीत बोलणे मुलाच्या चुकांचे नाही. आईबापांच्या मनात त्याच्याविषयी काय आहे त्याचे.

मोबदल्याचे नाव काढताच आपल्याकडे भुवया उंचावतात. पण संध्याकाळी दोन कोस जाणे हे काम आहे, आणि कामाला वेळ व प्रवासभाडे लागते. फुकटची सेवा म्हणून ते लादले, तर महिन्याभरात वहीमध्ये न झालेल्या भेटी भरल्या जातील. सभासद जोडायला वस्तीत जाताना आम्ही पावतीपुस्तक पहिल्या दिवशी खिशातून काढत नसू. शिक्षकानेही पहिल्या भेटीत फॉर्म शाळेत ठेवून जावे, आणि दिवा लागल्यावर जावे. दुपारी दाराला कडी असते.

आपल्याकडे ही भेट शाळा उघडल्यावर, वेचणी लागण्यापूर्वी व्हावी. म्हणजे मुलगी कोणत्या आठवड्यांत अडकेल हे आई आधीच सांगेल, आणि धाकट्याला अंगणवाडीत कोण पोचवील हे दोघांना बसून ठरवता येईल.